दुखतं हातात, दुखणं मानेत

मागच्या रोवणीनंतर आमच्या शेजारच्या काकी रोज संध्याकाळी ओट्यावर उजवा हात डोक्यावर ठेवून बसायच्या. येणारा-जाणारा विचारायचा, "काय झालं जी, कोणी गेलं काय?" आपल्याकडे डोक्याला हात लावून बसणं म्हणजे काहीतरी वाईट घडल्याची खूणच. काकींना मात्र त्या बसण्याने बरं वाटत होतं. तसा हात वर ठेवला की खांद्यापासून अंगठ्यापर्यंत जाणारी कळ थांबायची. पुढे कळलं की डॉक्टर मंडळीही ही सवय रुग्णाला मुद्दाम विचारतात. हात डोक्यावर गेला की मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूवरचा ताण सैल होतो. त्याने आराम पडत असेल, तर दुखण्याचं मूळ बहुधा मानेत असतं.

आमचं मुर्री म्हणजे गोंदिया शहराला जवळजवळ चिकटलेलं गाव. इथे हाताला मुंग्या आल्या की निदान घरीच होतं: "नस चढली जी." निम्मा घोटाळा या शब्दानेच केला आहे, असं माझं मत. हिंदीच्या सीमेवरच्या आपल्या बोलीत 'नस' म्हणजे रक्तवाहिनीही आणि मज्जातंतूही. मराठीतली 'शीर' तरी कुठे वेगळी? रक्त अडलंय असं वाटलं की माणूस चोळतो, चढलेली नस उतरवायला जातो. मज्जातंतूचं काम मात्र विजेच्या तारेसारखं आहे. बिघाड खांबावर असतो आणि अंधार घरात होतो. घरातला दिवा कितीही पुसला तरी काय उपयोग?

हा खांब म्हणजे मान. तिथे मणके 7, पण मज्जातंतूंच्या जोड्या 8, कारण पहिली जोडी पहिल्या मणक्याच्याही वरून निघते. प्रत्येक तंतू दोन मणक्यांमधल्या बारीक खिडकीतून बाहेर पडतो. तरुण वयात मणक्यांमधली गादी सरकून या खिडकीत घुसते. पन्नाशीच्या आसपास गादी सुकते, खिडकीच्या कडेला हाड वाढतं आणि वाट अरुंद होते. तंतू दाबला जातो आणि सुजतो. कळ जितकी दाबामुळे येते, तितकीच या सुजेमुळेही.

कोणतं बोट बधिर आहे, यावरून दाब कुठे असावा याचा अंदाज बांधता येतो. अंगठा असेल तर सहावा तंतू, मधलं बोट असेल तर सातवा, करंगळी असेल तर आठवा. सगळ्यांत जास्त सापडतो तो सातवा. रात्री मुंग्यांनी जाग येत असेल आणि हात झटकला की बरं वाटत असेल, तर मात्र संशय मानेवर नव्हे, मनगटावर घ्यावा. विडी वळणाऱ्या बाईला दोन्ही दुखणी एकाच वेळी असू शकतात.

विडीचा विषय इथे निघणारच. मांडीवर सूप, त्यात जर्दा आणि कापलेला तेंदूपत्ता, आणि तासन् तास खाली झुकलेली मान. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. ते पुढे झुकलं की त्याला तोलून धरायला मानेच्या मागच्या स्नायूंना कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. रोवणीत दुखापतीची रीत वेगळी. बांधीत कमरेत वाकलेली बाई शेजारणीशी बोलायला तोंड वर करते, तेव्हा मान मागे मोडते आणि मघाची खिडकी आणखी अरुंद होते. कापणीत तर डोक्यावर भारा असतो. स्पर्लिंग आणि स्कोव्हिल या दोन अमेरिकन डॉक्टरांनी 1944 मध्ये एक तपासणी सांगितली: मान दुखऱ्या बाजूला कलती करून डोकं वरून हलकेच दाबायचं. हातात कळ उतरली की संशय पक्का. धानाचा भारा हीच तपासणी दिवसातून दहा वेळा करतो, आणि हलकेच करत नाही.

आता दिलाशाची गोष्ट. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात 1976 ते 1990 या काळातल्या, मानेतला तंतू दाबल्या गेलेल्या 561 रुग्णांची नोंद अभ्यासली गेली. सुमारे चौथ्या हिस्स्यावर शस्त्रक्रिया झाली होती. शेवटच्या तपासणीत दहातल्या नऊ जणांना त्रास उरला नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत उतार पडतो. सरकलेली गादी शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेतं. म्हणूनच पहिल्याच आठवड्यात एमआरआय करायची घाई नको. जपानात 1211 निरोगी माणसांच्या मानेचे एमआरआय काढले, तेव्हा 87.6 टक्के लोकांची कुठली ना कुठली गादी फुगलेली दिसली. त्यांना काहीच होत नव्हतं! अहवालातले शब्द वाचून घाबरणारे मी खूप पाहिले आहेत.

तोवर करायचं काय? थोडे दिवस, डॉक्टरांनी दिली तेवढीच वेदनाशामक गोळी. दुकानातून पुडीत बांधून आणलेल्या गोळ्या महिनोन् महिने खाल्ल्या, तर पोट आणि मूत्रपिंड बिघडतं. मानेचा पट्टा सुरुवातीचे काही आठवडे चालतो, पुढे सवय लागली की स्नायू ढिले पडतात. मग फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले व्यायाम, त्यातला सगळ्यांत साधा म्हणजे समोर बघत हनुवटी सरळ मागे ओढणं.

आणि न्हाव्याच्या खुर्चीत मान मोडून घेणं कायमचं बंद. 'कड' आवाजाने बरं वाटतं खरं, पण त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. इथे 'नस'चा दुसरा अर्थ जिवावर उठतो.

काही लक्षणांत मात्र थांबायचं नाही. हातातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं, सदऱ्याची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. यात मज्जारज्जूच दाबला जात असू शकतो आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला तर गेलेलं परत येईलच असं नाही. पडल्या-अपघातानंतरची मानदुखी किंवा मानदुखीसोबत ताप, हेही तसंच. डाव्या हाताच्या कळेबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल, तर मानेचा विचारसुद्धा न करता थेट दवाखाना. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मुर्रीहून ते लांब नाही.

काकींनी डॉक्टरला दाखवलं. बोटांत ताकद होती, म्हणून वाट पाहायची ठरली. काकांनी त्यांना विडीचं सूप ठेवायला एक उंच पाट ठोकून दिला आणि बसायची जागा भिंतीशी हलवली. अर्ध्या तासाने उठून अंगणात एक फेरी मारायची, हे सुनेने बजावलं. या वर्षी भारा डोक्यावर घेतला नाही. दिवाळीपर्यंत कळ गेली होती. अंगठ्याचं टोक अजून थोडं बोथट आहे, पण विडीचा धागा आवळताना चुकत नाही, असं त्या सांगतात.