जाळं कागदावर, फोन मालकांकडं : समानतेच्या सरकारी यंत्रणा एकमेकींशी बोलतात का, हे शोधायचं कसं?



पेट पास झालेल्या, सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्या तिघाचौघांनी गेल्या महिन्यात एकच प्रश्न विचारला : "ताई, तुमचा विषय नक्की आहे तरी काय?" घरी विचारतात तेव्हा मी "महिलांच्या योजनांवर आहे" असं सांगून मोकळी होते. तुम्हाला मात्र नीट सांगायला हवं. या विषयात मी एक मोठी चूक केली आहे आणि तुमच्यापैकी बरेच जण तीच चूक करण्याच्या वाटेवर आहेत.

विषय असा : स्त्री-पुरुष समानतेसाठी सरकारने उभ्या केलेल्या यंत्रणा एकमेकींशी ऑनलाइन जोडलेल्या आहेत का, आणि असल्या तर त्या जोडणीतून काय वाहतं?

आधी 'यंत्रणा' म्हणजे काय ते बघू. १९७५ साली मेक्सिकोत पहिली जागतिक महिला परिषद झाली. प्रत्येक देशात स्त्रियांच्या प्रश्नांसाठी सरकारच्या आतच एखादी कायमची संस्था हवी, हा विचार तिथून पुढे आला. १९९५ च्या बीजिंग परिषदेने चिंतेची १२ क्षेत्रं ठरवली, त्यातलं एक क्षेत्र फक्त या यंत्रणांचं होतं. आपल्याकडे 'समानतेकडे' या नावाने ओळखला जाणारा समितीचा अहवाल १९७४ चा. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं 'माविम', सुरू झालं २४ फेब्रुवारी १९७५ ला. राष्ट्रीय महिला आयोग १९९२ चा, महाराष्ट्र राज्य महिला आयोग १९९३ चा, आणि राज्याचं पहिलं महिला धोरण १९९४ चं. २०११ मध्ये 'उमेद' आलं आणि त्याच वर्षी स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांचं आरक्षण ५० टक्क्यांवर गेलं. २०१५ पासून 'सखी वन स्टॉप सेंटर' आली.

आता एका जिल्ह्यात उभं राहून बघा. महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय, जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग, माविमचं जिल्हा कार्यालय, उमेदचा जिल्हा कक्ष, वन स्टॉप सेंटर. शिवाय कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. संगमनेर तालुक्यातल्या एखाद्या बाईला घरातून हाकललं, तर तिच्या कामाचं प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं आहे आणि पूर्ण कुठेच नाही. मग ही ठिकाणं एकमेकांना ओळखतात का, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. नगर इथून काही हाकेच्या अंतरावर नाही. एका चुकीच्या चकरेत तिची त्या दिवसाची मजुरी जाते, आणि दुसऱ्यांदा ती जातच नाही.

या विषयाकडे मी वळले ती आफ्रिकेवरचं वाचून. तुम्हीही वाचा, कारण या प्रश्नावर तिथे खूप लिहिलं गेलं आहे. आफ्रिकी संघाचे ५५ सदस्य आहेत. बहुतेक देशांत महिला किंवा लिंगभाव मंत्रालय आहे. दक्षिण आफ्रिकेत स्वतंत्र लिंगभाव समानता आयोग आहे, आणि रवांडाच्या २००३ च्या राज्यघटनेत लिंगभाव देखरेख कार्यालयाची तरतूद आहे. २००३ चा मापुतो करार आणि २००४ चा आदिस अबाबा इथला जाहीरनामा यांनी या सगळ्यांना समान भाषा दिली. ही भाषा करारातली. कामकाजाच्या भाषा वेगळ्याच : कुठे इंग्रजी, कुठे फ्रेंच, कुठे पोर्तुगीज, कुठे अरबी. शेजारच्या देशातल्या मंत्रालयाने हुबेहूब त्याच प्रश्नावर कायदा केला तरी पलीकडे कळायला मार्ग नसायचा. इंटरनेटने हे अंतर भरून काढावं, ही कल्पना त्यातून आली.

हे वाचताना मला वाटलं, आपल्याकडे तर सगळं मराठीत, एका राज्यात, सगळ्यांकडे व्हॉट्सॲप. म्हणजे आपलं जाळं घट्टच असणार. हे माझं गृहीतक होतं. ते कसं उलटं पडलं ते पुढे सांगते, आधी थोडं तंत्र.

सोशल नेटवर्क ॲनालिसिस हे नाव ऐकून घाबरू नका. ठिपके आणि रेघा, बस. ठिपका म्हणजे संस्था, रेघ म्हणजे संबंध. समजा पाच जिल्हा कार्यालयं आणि वरचं एक कार्यालय, असे सहा ठिपके आहेत. (आकडे काल्पनिक आहेत, माझा डेटा नाही.) सहांत जोड्या किती? ६ गुणिले ५ भागिले २, म्हणजे १५. पाचही कार्यालयं वर अहवाल पाठवतात, म्हणून ५ रेघा. घनता ५ भागिले १५, म्हणजे ०.३३. कागदावर बरी दिसते. आता मधला ठिपका बोटाने झाका. उरलेल्या पाचांत शक्य जोड्या १०, रेघा शून्य. या आकाराला तारा म्हणतात. मधला ठिपका पाचांपैकी कोणत्याही दोघांच्या वाटेवर बसलेला असतो. तो रजेवर गेला की जाळं संपलं.

आणखी एक गंमत. अहवाल वर जातो, पण खाली उत्तर येतंच असं नाही. मग रेघेला बाण लावला तर? दिशेसकट शक्य रेघा ३० आणि आपल्याकडे ५, म्हणजे घनता ०.१७. माहिती तीच, फक्त तुम्ही बाण लावायचं ठरवलंत आणि आकडा निम्मा झाला. म्हणून सिनॉप्सिसमध्ये 'घनता मोजणार' एवढंच लिहू नका. रेघ कशाला म्हणणार आणि तिला दिशा आहे की नाही, हे आधी लिहा. आरआरसीत हा प्रश्न येतोच.

रेघा शोधायच्या कुठे? सर्वात आधी सुचतं ते एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या दुव्यांची मोजणी. मी त्यावर बरेच दिवस घालवले. हाती विशेष काही लागलं नाही. सरकारी संकेतस्थळावरचा दुवा हा बहुतेकदा ते बनवणाऱ्याने टाकलेला असतो, रोज काम करणाऱ्याने नाही.

त्याहून भारी माल शासन निर्णयांत आहे, आणि तिकडे कुणी बघत नाही. जीआरच्या शेवटी 'प्रति' म्हणून यादी असते, आपण वाचताना ती सोडून देतो. कोणाला कळवायचं हे सरकारने स्वतः लिहून दिलेलं असतं, म्हणजे रेघांची आयती वहीच! वन स्टॉप सेंटरशी संबंधित निर्णयाची प्रत कोणाकडे जाते, बचत गटांच्या निर्णयाची कोणाकडे, आणि दोन्ही याद्यांत असलेलं कार्यालय कोणतं, हे एक्सेलमध्ये मांडता येतं. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. एमएच्या प्रकल्पाला हवं असेल तर खुशाल घ्या. पण यातून कळतं ते कागदावरचं जाळं, म्हणजे कोणी कोणाशी बोलावं एवढंच. बोलतं कोण, ते कळत नाही.

ते कळण्यासाठी व्हॉट्सॲप. आणि इथे माझी चूक.

गावपातळीवरच्या महिला लोकप्रतिनिधी आणि बचत गटांच्या पदाधिकारी असलेल्या एका ग्रुपवर मी गुगल फॉर्म टाकला. ओळखीतून परवानगी मिळाली होती. उत्तरं भराभर आली, आणि तीही छान शुद्ध मराठीत. मी खूश. गाईड मॅडमनी यादी बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "यातल्या दोघीतिघींना भेटून ये."

पहिल्याच ताईंनी ओट्यावर बसवलं, चहा ठेवला. मी म्हटलं, "ताई, फॉर्म भरल्याबद्दल आभार." त्या म्हणाल्या, "कसला फॉर्म गं?" मी ग्रुपचं नाव सांगितलं. "हां, तो ग्रुप व्हय. तो नंबर माझ्या नावावर हाय, पण फोन मालकांकडं असतो. त्येच बघत्यात समदं." ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी : मालक म्हणजे नवरा. दुसऱ्या घरी फॉर्म पुतण्याने भरला होता. तिसऱ्या ठिकाणी ताईंनी स्वतः भरला होता, पण शेजारी बसून सासऱ्यांनी उत्तरं सांगितली.

सगळा डेटा बाजूला ठेवला. दोनतीन दिवस झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू?

नंतर कळलं की माझी चूक हाच खरा निष्कर्ष होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीचे देशाचे आकडे बघा : स्वतः वापरतात असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के. कधीही इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के. प्रश्नाचे शब्द नीट वाचा. 'घरात मोबाइल आहे का' असं नाही, 'स्वतः वापरता असा आहे का' असं विचारलं होतं. मी हा प्रश्न विचारलाच नाही. मी नंबरालाच बाई समजले.

नायजेरियाच्या अनुभवावरून अमिना मामा यांनी १९९५ मध्ये एक लेख लिहिला. सत्ताधाऱ्यांच्या बायका महिलांच्या नावाने सरकारी यंत्रणा चालवतात, तिथे अधिकार पदाचा नसतो, लग्नाचा असतो, याला त्यांनी 'फेमोक्रसी' म्हटलं. पहिल्यांदा वाचला तेव्हा तो मला लांबचा वाटला होता. ओट्यावरून उठून आल्यावर पुन्हा वाचला. आपल्याकडे हेच आरशातल्यासारखं उलटं आहे. तिथे नवऱ्याच्या पदावर बायको उभी, इथे बायकोच्या पदावर नवरा. 'सरपंचपती' हा शब्द आपण हसत हसत वापरतो. २०२३ मध्ये केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाला या प्रश्नावर समिती नेमावी लागली. पण तो शब्द ग्रामपंचायतीच्या खुर्चीपुरताच धरला जातो. ऑनलाइन जाळ्यात तो दिसतही नाही. खुर्चीवर कोण बसलंय ते गाव बघतं, ग्रुपमध्ये मात्र फक्त ताईंचं नाव आणि डीपीवर देवाचा फोटो.

आता याचा धोका लक्षात घ्या. समजा एखाद्या कार्यकर्तीने "अमक्या गावात एका ताईला मारहाण झाली, कोणाला कळवू?" असं चांगल्या हेतूने ग्रुपवर विचारलं. यंत्रणेच्या नकाशावर हा संदेश इतक्या महिलांपर्यंत पोहोचला असं दिसेल. प्रत्यक्षात तो इतक्या घरांतल्या पुरुषांपर्यंत पोहोचला, आणि त्यात मारणाऱ्याचा भाऊबंदही असू शकतो. जाळं जितकं घट्ट, तितकी ती बाई जास्त उघडी पडते. 'कनेक्टिव्हिटी वाढली म्हणजे सक्षमीकरण झालं' अशी वाक्यं लिटरेचर रिव्ह्यूत सापडली, तर तिथे पेन्सिलने खूण करा.

यामुळे संमतीचा मुद्दाही बदलला. ग्रुप ॲडमिनची परवानगी म्हणजे सदस्यांची परवानगी नव्हे, हे तर आहेच. पण नंबरावरून 'होय' आलं तरी ते कोणाचं होय? आता मी ग्रुपमधले संदेश डेटा म्हणून घेतच नाही. स्क्रीनशॉट तर अजिबात नाही, कुणी आपणहून पाठवला तरी वाचून पुसते.

मग करते काय? मासिक बैठकीला जाते. गटाच्या बैठकीत बायका एकत्र असतात, वही उघडी असते, मालक सहसा नसतात. तिथे एकेकीला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारते : "मागच्या वेळी गटातल्या कुणाला घरची अडचण आली, तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी कोणाला विचारलं? मग त्यांनी कोणाला?" 'तुमचा इतर विभागांशी समन्वय आहे का' हा प्रश्न कार्यालयात किंवा गटात, कुठेच विचारू नका, सगळीकडे 'हो' असंच उत्तर मिळतं. घडलेला एक प्रसंग धरा आणि त्याच्या मागे मागे जा. रेघा आपोआप उमटतात. कुठे फोन, कुठे चिठ्ठी, कुठे एसटीने स्वतः गेल्या.

एक गोष्ट वारंवार दिसते : लिहिलेल्या संदेशापेक्षा व्हॉइस मेसेज जास्त जातात. युगांडात नाकासेके इथल्या केंद्रात २००० च्या आसपास ग्रामीण स्त्रियांसाठी लुगांडा भाषेत बोलणारी सीडी आणली होती, कमाईच्या कल्पना सांगणारी, वाचता न येणाऱ्यांनाही चालेल अशी. पडद्यावर वाचण्यापेक्षा आपल्या भाषेत ऐकलेलं पोहोचतं, हे तिथे वीसपंचवीस वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आपल्या योजनांची माहिती अजून पीडीएफमध्ये फिरते. पण आवाजातही अडचण आहेच, तो खोलीत सगळ्यांना ऐकू जातो. एका ताईंनी सांगितलं, त्या व्हॉइस मेसेज गोठ्यात जाऊन ऐकतात.

गेल्या बैठकीत मी माझा ठिपक्यांचा कागद पसरला होता. सहा कार्यालयं, त्यांच्यातल्या रेघा. एका आजींनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ह्यात आमचा गट कुठंय?" नव्हताच. मी यंत्रणा म्हणजे फक्त सरकारी पाटी असलेली जागा धरली होती, तर अर्ध्याहून जास्त प्रसंगांत पहिला फोन गटातल्याच एखादीला गेलेला. आता 'यंत्रणे'ची व्याख्या पुन्हा लिहायला घेतली आहे. विषयाच्या शीर्षकात 'शासकीय' हा शब्द आहे, तो काढायचा तर विद्यापीठाकडे बदलाचा अर्ज करावा लागेल. मॅडम म्हणतात शीर्षक राहू दे, दुसऱ्या प्रकरणात व्याख्या वाढव. मला अजून पटलेलं नाही.