बिटलेस ब्रायडल: नाकपट्टी नेमकी कुठे?

तोंडात लोखंडी बिट नाही म्हणजे लगाम आपोआप सौम्य, असं समजू नका. बराचसा दाब नाकावर येतो, म्हणून नाकपट्टीची जागा चुकली की खेळ संपला. घोड्याच्या नाकावरून बोट खाली फिरवा. कडक हाड संपून जिथे मऊ लागतं, त्याच्या थोडी वर, हाडावरच पट्टी हवी. खाली घसरली तर श्वास अडतो, आणि घोडा तोंडाने श्वास घेत नाही! पट्टी इतकीच आवळा की जबडा हलवून चघळता येईल. पण ढिली ठेवली तर वळताना गालपट्टा डोळ्यात जातो.

बिटलेसचे प्रकारही वेगवेगळे. साइडपुलमध्ये डावा रेन (हातातला पट्टा) ओढला की नाक डावीकडे येतं. क्रॉस-अंडरमध्ये पट्टे जबड्याखाली एकमेकांना छेदतात, त्यामुळे डावा रेन उजव्या गालाला ढकलतो. लांब दांड्यांचा मेकॅनिकल हॅकमोर मात्र तरफेवर चालतो. नवख्या हातात तो नकोच.

पहिल्यांदा बंदिस्त रिंगणात, चालीवरच बसा. आधी बैठक आणि पाय, मग हात. घोड्याने मान दिली की रेन लगेच सैल.

आंतरराष्ट्रीय शो जंपिंगमध्ये हॅकमोर चालतो, ड्रेसाजला मात्र बिट लागतंच. मला ही सक्ती पटत नाही!