कॅमेऱ्याची बॅटरी : कंपनीची की दुसरी?

विरार, नालासोपारा, वसई या पट्ट्यात लग्नकार्याचे फोटो व व्हिडिओ शूटिंग हा अनेक तरुणांचा रोजीरोटीचा धंदा आहे. निकाहपासून वलीम्यापर्यंत कॅमेरा तासन्‌तास चालवायचा म्हणजे एका कॅमेऱ्यामागे तीन-चार बॅटऱ्या हव्यात. मूळ कंपनीची बॅटरी महाग पडते. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा ऑनलाइन दुसऱ्या कंपनीची बॅटरी बरीच स्वस्त मिळते. पैसे वाचतात हे खरे. पण ऐन 'कबूल है'च्या वेळी कॅमेरा बंद पडला तर तो क्षण पुन्हा मिळत नाही. गिऱ्हाईक तर जातेच, शिवाय नावही जाते. म्हणून ही खरेदी पारखून करावी.

दुसरी आणि नकली यांत फरक

दुसऱ्या कंपनीने स्वतःचे नाव घालून बनवलेली बॅटरी हा सरळ व्यवहार आहे. मोठ्या कंपनीचे नाव व शिक्का मारून विकलेली बॅटरी मात्र नकली असते आणि ट्रेड मार्क कायदा, १९९९ नुसार असा माल विकणे हा गुन्हा आहे. पहिल्या प्रकारात चांगला माल मिळू शकतो. दुसऱ्या प्रकाराला हातही लावू नये.

लेबलवरचा आकडा

बॅटरीत वीज किती साठते, हे लेबलवर 'एमएएच' या मापात लिहिलेले असते. येथेच जास्त फसवणूक होते. कॅनन कंपनीचे उदाहरण पाहा. २००८ साली आलेली एलपी-ई६ ही बॅटरी १८०० एमएएचची होती. २०१४ ची एलपी-ई६एन १८६५ ची आणि २०२० ची एलपी-ई६एनएच २१३० ची. आकार तोच. म्हणजे बारा वर्षांत कंपनीला त्याच डबीत ३३० एमएएचच वाढवता आले. मग तेवढ्याच आकाराच्या स्वस्त बॅटरीवर २८०० किंवा ३००० लिहिलेले असेल, तर तो आकडा खरा मानू नये. मोठ्या आकड्यापेक्षा माफक आकडा लिहिणारा विश्वासाचा समजावा.

चिपचे काम

आजच्या बॅटरीत चिप असते. किती चार्ज उरला हे ती कॅमेऱ्याला कळवते. चिप बरोबर नसेल तर कॅमेरा चार्ज दाखवत नाही, सूचना देतो, किंवा चालूच होत नाही. कधी कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर आजवर चालणारी बॅटरी नाकारली जाते. म्हणून सीझनच्या तोंडावर अपडेट करू नये.

बॅटरीत जादा चार्जिंग व शॉर्टसर्किट रोखणारे संरक्षक सर्किटही असते. हलक्या मालात काटकसर बहुधा येथेच होते आणि बॅटरी तापते, फुगते. लिथियम बॅटरीला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आय.एस. १६०४६ व 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. हा क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो.

घरी करायची परीक्षा

नवी बॅटरी पूर्ण चार्ज करून व्हिडिओ लावावा आणि ती संपेपर्यंतची मिनिटे वहीत लिहावीत. कंपनीच्या बॅटरीवरही हेच करून तुलना करावी. प्रत्येक बॅटरीवर क्रमांक व खरेदीची तारीख टाकावी. दर तीन महिन्यांनी हीच परीक्षा घ्यावी; मिनिटे झपाट्याने घटली तर ती बॅटरी मुख्य कामातून काढावी. पक्के बिल घेतले असेल तर बदलून मागता येते.

मुख्य विधीला मूळ बॅटरी लावावी. मिरवणूक, जेवणावळ व एलईडी लाइट यांसाठी दुसरी वापरावी. लाइट विझला तर बॅटरी बदलता येते. पण रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेरा बंद पडला तर आधीची फाइलही खराब होऊ शकते.

बॅटरी उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवू नये. सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नये. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये, टोचू नये, कचऱ्यात फेकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

शेवटी दुकानदार बंधूंना एक विनंती. दुसऱ्या कंपनीचा माल जरूर विका; पण तो तसा आहे हे सांगून विका आणि बिलावर तसे लिहा. ऐब सांगून विकलेल्या मालाचे गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढते.