बातमी आणि न्याय

यवतमाळ जिल्ह्यातील श्रोतेहो, आणि हे पान शाळेत वाचून दाखवणाऱ्या गुरुजनहो, आजचा प्रश्न तसा साधा आहे. वर्तमानपत्रे, रेडिओ, दूरचित्रवाणीच्या वाहिन्या आणि आता हातातला मोबाइल, ही सारी साधने दुबळ्या माणसाला न्याय मिळवून देतात का? पारावर हा प्रश्न टाकून बघा. अर्धे लोक म्हणतील, "पेपरात आलं म्हणून तर साहेब गावात आला." उरलेले म्हणतील, "पेपर काय, पैसेवाल्यांचे." दोघांचेही म्हणणे खरे असते. ते कसे, ते आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाहू.

२०१७ सालचा पावसाळा तुम्ही विसरला नसाल. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली आणि किडींचा जोरही मोठा होता. फवारणी करणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात औषध जाऊ लागले. जुलैपासूनच यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असे रुग्ण येत होते. कोणाला उलट्या, कोणाची दृष्टी अंधारलेली, कोणी बेशुद्ध. पण राज्यभर गाजावाजा झाला तो सप्टेंबर संपता संपता आणि ऑक्टोबरात. तोवर मरणारांचा आकडा वाढत चालला होता. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे त्या हंगामात दगावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली.

आता बघा, गाजावाजा झाल्यावर काय झाले. चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, मृतांच्या वारसांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर झाली. बातमी छापून आली नसती तर हे इतक्या लवकर झाले असते, असे मला वाटत नाही. म्हणून "पेपरात आलं म्हणून साहेब आला" हे म्हणणे खोटे नाही.

पण त्याच बातम्यांची दुसरी बाजूही आहे. मजुराने हातमोजे घातले नाहीत, तोंडाला फडके बांधले नाही, दोन-दोन औषधे एकत्र केली, म्हणजे दोष त्याच्याच निष्काळजीपणाचा, अशी मांडणीही त्या दिवसांत पुष्कळ झाली. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या झाडांतून, पाठीवर भरलेला पंप घेऊन दिवसभर चालणारा माणूस हातमोजे आणि मुखवटा कसा सांभाळील, हे लिहिणाऱ्याने एकदा पंप पाठीवर घेऊन पाहावे. डब्यावरची सूचना बारीक अक्षरांत असते, आणि फवारणारा कित्येकदा दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेलेला, भूमिहीन. औषध कोणते घ्यायचे, हे त्याने ठरवलेले नसते. कोणते औषध विकायचे, हे तर त्याच्या गावातही ठरत नाही. बातमीदार रुग्णालयातल्या खाटेपर्यंत पोहोचला, आणि तेही चांगलेच केले, पण खाटेपासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून कारखान्यापर्यंत फार थोडे गेले.

इथे मोजणीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. बातमी आकड्यांवर चालते आणि आकडे सरकारी दप्तरातून येतात. आपल्याकडे शेतकऱ्याने आत्महत्या केली की प्रकरण "पात्र" की "अपात्र" हे समितीपुढे ठरते. जमीन कोणाच्या नावे, कर्ज बँकेचे की सावकाराचे, सावकार परवानाधारक की नाही, वसुलीचा तगादा होता का, अशा कसोट्या असतात. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई जन्मभर शेतात राबली तरी कागदावर ती शेतकरी ठरत नाही. देशाच्या गुन्हे नोंद विभागाने २०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर यांच्या आत्महत्या वेगवेगळ्या मोजायला सुरुवात केली. म्हणजे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून "आत्महत्या घटल्या" अशी बातमी कोणी दिली, तर तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. रकाना बदलला की आकडा बदलतो, घरातले दुःख मात्र तेवढेच राहते.

लक्ष कोणाकडे जाते, हाही एक हिशेब आहे. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. त्यानंतर वीस वर्षांनी, २००६ साली, विदर्भात रोज अशा बातम्या येत होत्या. त्याच वर्षी मुंबईत फॅशनचा एक सप्ताह भरला होता आणि तिथे सुती कपडे मिरवले जात होते. त्याच्या वार्तांकनासाठी ५१२ बातमीदारांची नोंद झाली होती, असे पी. साईनाथ यांनी लिहून ठेवले आहे. कापूस पिकवणाऱ्यांच्या घरी बाहेरून आलेले बातमीदार त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. कापूस एकच. त्याच वर्षी पंतप्रधान विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्यामागे ज्या थोड्या लोकांनी सतत लिहिले, त्यांचा वाटा मोठा होता.

ही काही आजची गोष्ट नाही. "लोकमत" हे नाव आज तुमच्या ओळखीचे आहे. त्याचे मूळ आपल्या यवतमाळातच, लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ साली काढलेल्या साप्ताहिकात आहे. म्हणजे आपला जिल्हा बातमीच्या बाबतीत मुका कधीच नव्हता. पण कोणाचे म्हणणे छापायचे, यावर तेव्हाही भांडण होतेच. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी "मूकनायक" सुरू केला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही "केसरी"ने छापली नाही. ज्यांना दुसऱ्याच्या पत्रात जागा नव्हती त्यांनी स्वतःचे पत्र काढले. त्याआधी "दीनबंधू", "दीनमित्र" निघाले ते याच कारणाने.

आता पैशाचे बघू. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या काही वर्तमानपत्रांत उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापली गेली. जाहिरात असेल तर वाचणारा सावध असतो, बातमी म्हटली की तो विश्वास टाकतो. फसवणूक इथेच आहे. प्रेस कौन्सिलने याची चौकशी केली, आणि "पैसे देऊन छापलेली बातमी" हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला. त्या निवडणुकीत ज्याच्याजवळ पैसे नव्हते, तो उमेदवार काही पत्रांच्या वाचकाला दिसलाच नाही.

मग आपण काय करावे? तक्रार करता येते, हे आधी समजून घ्या. वर्तमानपत्राने चुकीचे छापले तर प्रथम संपादकाला पत्र लिहावे आणि त्याची नक्कल जवळ ठेवावी. दाद लागली नाही, तर प्रेस कौन्सिलकडे जाता येते. दैनिकाच्या वा साप्ताहिकाच्या बाबतीत मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल ताकीद देऊ शकते, दंड करू शकत नाही. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे हत्यार लहान आहे, पण ते मुळीच नाही असे नव्हे.

दुसरी गोष्ट जुनी आहे. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुणे व आसपासच्या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे चालवली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि प्रश्न आकाशवाणीकडे लिहून पाठवत. रेडिओ नुसता सांगत नव्हता, ऐकतही होता. गुरुजी, आठवड्यातून एक तास शाळेत असे करून बघा. एक बातमी फळ्यावर लावा आणि मुलांना विचारा: हे सांगणारा कोण, ज्याच्यावर बेतले त्याचे शब्द यात कुठे आहेत, आकडा कोणत्या दप्तरातून आला? उत्तर मिळाले नाही, तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. दहा रुपयांचा अर्ज तहसील कार्यालयात देता येतो. अर्ज मराठीतच लिहावा. साधारणतः तीस दिवसांत उत्तर येणे कायद्याने बंधनकारक आहे.