पाण्याचे गणित (भाग ४) : हा गुणधर्म कोणाचा?

गेल्या आठवड्यात आपण साठा आणि प्रवाह इथपर्यंत आलो होतो. अमेरिकेतल्या एमआयटीत जे फॉरेस्टर यांनी कारखान्यांतले चढउतार उलगडण्यासाठी ही मांडणी केली आणि १९६१ मध्ये ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या पुस्तकात ती सविस्तर लिहिली. धरणाला ती चपखल बसते. आलेल्या पाण्यातून गेलेले पाणी वजा केले की साठ्यातला फरक निघतो. पण एवढ्याने संगणकाला मांजरा आणि विष्णुपुरी यांतला भेद कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही नुसते ‘जलाशय’. एकाने लातूरच्या धरणासारखे आणि दुसऱ्याने नांदेडच्या बंधाऱ्यासारखे वागायला हवे असेल, तर प्रत्येकाला आपापले गुणधर्म द्यावे लागतात.

ही सोय नॉर्वेत झाली. ऑस्लोत ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगॉर्ड यांनी सिम्युलेशनसाठी, म्हणजे खऱ्या गोष्टीचे मॉडेल संगणकावर चालवण्यासाठी, एक भाषा तयार केली. तिचे ‘सिम्युला ६७’ हे रूप प्रोग्रॅमिंगच्या इतिहासात मैलाचा दगड ठरले. साचा एकदाच लिहायचा, त्यातून हवे तितके घटक काढायचे आणि प्रत्येक घटकाजवळ त्याचे अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे गुणधर्म, ठेवायचे. आज बहुतेक सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने लिहिले जाते, तिचे मूळ सिम्युलेशनच्या या गरजेत आहे.

आता मांजरा घ्या. केज तालुक्यातल्या धनेगावचे हे धरण लातूर शहराची तहान भागवते. उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर (दलघमी), मृतसाठा सुमारे ४७. हे झाले गुणधर्म. आज धरणात किती पाणी आहे, हा गुणधर्म नव्हे, ती स्थिती. स्थिती मॉडेल चालताना रोज बदलते, गुणधर्म आपण आधी लिहून देतो. नवशिके पहिली गल्लत इथेच करतात. आजची पातळी गुणधर्मात लिहिली की मॉडेल पावसाळाभर हललेच नाही म्हणून समजा.

मृतसाठ्याचा आकडा तर आणखी खोलात नेतो. तो मृत कोणासाठी? कालव्याचे तोंड ज्या उंचीवर आहे, त्याखालचे पाणी कालव्याला मिळत नाही, म्हणून ते कालव्यासाठी मृत. शहराच्या पाणीपुरवठ्याचे पंप मात्र त्याखालूनही उपसा करू शकतात, आणि टंचाईत तो करावाच लागतो. मॉडेलमध्ये ‘४७ च्या खाली काहीच देऊ नका’ असे जलाशयावर लिहून ठेवले, तर पंप चालू असतानाही मॉडेल शहराला कोरडे दाखवेल. उलट, तो आकडा काढून टाकला तर कालवा मे अखेरपर्यंत वाहत राहील. दुरुस्ती साधी आहे. किमान पातळी जलाशयाकडून काढून घ्यायची आणि कालव्याला त्याची, पंपाला त्याची अशी वेगवेगळी द्यायची. आकडा बरोबर असतो, पण तो भलत्याच घटकाला चिकटलेला असतो. माझ्या मते मॉडेल लिहिणाऱ्याचे खरे कसब हे ओळखण्यात आहे.

बाष्पीभवनाचेही तसेच. किती मिलिमीटर पाणी उडाले, हा हवामानाचा गुणधर्म. तो एकाच जागी लिहावा आणि आसपासच्या सगळ्या जलाशयांनी तिथून घ्यावा. पाण्याचा पसारा मात्र ज्या त्या जलाशयाचा असतो, आणि तोही पातळीगणिक बदलतो. म्हणून इथे एक आकडा पुरत नाही, पातळी, क्षेत्र आणि साठा यांचा अख्खा तक्ता द्यावा लागतो. मराठवाड्यात मे महिन्यात बाष्पीभवन मोजण्याच्या पात्रातले पाणी दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास उतरते. जलाशयावर त्याच्या सुमारे ७० टक्के धरायची रीत आहे, म्हणजे सात मिलिमीटर. एक चौरस किलोमीटर पसाऱ्यावर ते होतात सात हजार घनमीटर, म्हणजेच ७० लाख लिटर. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. अशा जवळजवळ तीन गाड्यांचे पाणी एका चौरस किलोमीटरवरून रोज हवेत जाते. सारखाच साठा असलेल्या दोन जलाशयांत उथळ आणि पसरट जलाशय आधी का आटतो, ते या तक्त्यातून दिसते. मग या तक्त्यालाही एक गुणधर्म हवा: तो कोणत्या साली मोजला. दरवर्षी गाळ साचत असताना जुन्या मोजणीचा तक्ता नसलेले पाणी असल्याचे सांगतो.

नांदेडच्या विष्णुपुरीला हाच साचा वापरला तरी रकाने वेगळे भरावे लागतात. उपयुक्त साठा सुमारे ८० दलघमी, मांजराच्या निम्म्याहूनही कमी, आणि पाठीशी अख्खी गोदावरी. ही उपसा सिंचन योजना असल्याने पाणी शेताकडे आपोआप उतरत नाही, ते पंपांनी उचलावे लागते. म्हणून इथे पंपांची क्षमता आणि वीजपुरवठ्याचे तास महत्त्वाचे. पुरात साठवण लवकर भरते आणि सगळी भिस्त १८ दरवाजांवर येते. पैठणहून सोडलेले पाणी नांदेडला लगेच पोहोचत नाही. हा उशीर विष्णुपुरीवर लिहू नये, तो नदीच्या त्या टप्प्याचा गुणधर्म आहे. पूर्णा नदीचे पाणी दुसऱ्या वाटेने येते, तिचा उशीर निराळा.

आणखी खाली धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. त्याची क्षमता २.७४ टीएमसी (अब्ज घनफूट), दरवाजे १४. एवढे लिहून मॉडेल चालवले तर बंधारा पावसाळ्यात भरून घेईल. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर हे दरवाजे उघडेच ठेवावे लागतात. पाणी अडवता येते ते पूर ओसरल्यावर. ही तारखांची जोडी कोणत्याही बांधकाम आराखड्यात सापडणार नाही, तरी बाभळीच्या दरवाजांचा तो सर्वांत वजनदार गुणधर्म आहे. ती बंधाऱ्याच्या क्षमतेत कपात म्हणून लिहू नका, दरवाजांवरच लिहा; म्हणजे उद्या नियम बदलला तर एकच ओळ बदलावी लागेल, बंधारा तसाच राहील.

पुढच्या आठवड्यात येवा: पाऊस पडल्यावर धरणात पाणी नेमके किती आणि केव्हा येते.