बाळंतपणानंतरची धडधड : अशक्तपणा की थायरॉईड?

नांदेड / लातूर - बाळंतपणासाठी नांदेडला माहेरी आलेली लेक सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला सासरी परतते. पुढच्या एक-दोन महिन्यांत बसल्या जागी छाती धडधडू लागते, हात थरथरतात, उकाडा मुळीच सोसवत नाही आणि बाळ झोपले तरी तिचा डोळा लागत नाही. वजन घटते ते बाळ अंगावर पिते म्हणून, बाकी सारे जागरणामुळे, असा निष्कर्ष घरातच निघतो. डिंकाचे लाडू वाढतात. रक्ततपासणी मात्र राहून जाते.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात शंभरातील सरासरी पाच-सहा स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथीला दाह होतो. गर्भारपणात शरीराची प्रतिकारयंत्रणा काहीशी नमते घेते. प्रसूतीनंतर ती पुन्हा जोर धरते आणि काहींच्या बाबतीत स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. ग्रंथीतील संप्रेरकाचा साठा रक्तात झिरपतो व हृदयाचा वेग वाढतो. साठा सरल्यावर, बहुधा चौथ्या ते आठव्या महिन्यात, चित्र उलटते : थकवा, जडपणा, उदासी.

दुसरी शक्यता ग्रेव्हज विकाराची. त्यात ग्रंथी खरोखरच जास्त संप्रेरक तयार करते. डोळे पुढे आल्यासारखे दिसू शकतात. या विकाराचे वर्णन करणारे इंग्लंडमधील डॉ. कॅलेब पॅरी यांनी १७८६ मध्ये पाहिलेल्या पहिल्या रुग्णेची धडधडही बाळंतपणानंतरच सुरू झाली होती. त्यांची ही नोंद १८२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

हा भेद महत्त्वाचा, कारण उपचार वेगळे आहेत. ग्रेव्हजमध्ये संप्रेरकाची निर्मिती रोखणारी गोळी लागते. दाहात ती निरुपयोगी. टाकीच फुटली असताना मोटर बंद करून काय साधणार? तेथे धडधड आवरणारे औषध काही आठवडे पुरते, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. दम्याच्या रुग्णांना यातील काही गोळ्या अपायकारक ठरतात. टीएसएच, टी-थ्री, टी-फोर आणि प्रतिपिंडांच्या रक्तचाचण्यांतून उलगडा होतो. किरणोत्सारी आयोडीनची तपासणी अंगावर पाजणाऱ्या मातेला करीत नाहीत. ग्रेव्हजच्या गोळ्या योग्य मात्रेत घेताना मात्र स्तनपान सहसा थांबवावे लागत नाही. केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्यांनी चाचणीपूर्वी ते डॉक्टरांना सांगावे. त्याने अहवाल चुकीचा येऊ शकतो.

रक्तक्षयानेही छाती धडधडते, आणि तो येथे दुर्मिळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यामुळे हिमोग्लोबिनही पाहावेच.

थायरॉईडचे निदान झाले तरी प्रत्येक तक्रार त्याच्या माथी मारणे धोक्याचे. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यापासून प्रसूतीनंतर पाच महिन्यांपर्यंत काही स्त्रियांच्या हृदयाचा स्नायूच दुर्बल होतो. आडवे झाल्यावर दम लागणे, पायांवर सूज, छातीत दुखणे किंवा भोवळ आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ईसीजी व इकोची सोय असलेली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये नांदेडजवळ विष्णुपुरीला आणि लातूर शहरात आहेत.

अडचण होते ती कागदांची. वेगवान टप्पा एका गावात आणि मंद टप्पा दुसऱ्या गावात उमटतो, फाईल मात्र माहेरच्या कपाटात राहते. म्हणून अहवाल बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबतच ठेवावेत. बहुतेक स्त्रियांची ग्रंथी वर्षभरात पूर्ववत होते. तरीही दरवर्षी टीएसएच तपासावे आणि पुढच्या गर्भारपणात हा इतिहास पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावा, कारण हा दाह पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते.