तिची शेळी कुणाच्या नावावर?

रात्री नऊ-साडेनऊचा सुमार. पावसाची झड लागलेली. पोलीस पाटलाच्या पडवीत एक बाई कडेवर पोर घेऊन उभी आहे. गालावर वळ, पदर फाटलेला. पाटील भला माणूस. तो म्हणतो, "पोरी, आज इथंच नीज, सकाळी तुला तालुक्याला घेऊन जातो." बाई पायरीवर टेकते, पाणी पिते, थोडा वेळ रडते. आणि तासाभरानं उठून उभी राहते. "जाते दादा. सकाळी धार काढायचीय. गाय दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाय."

वाचक बंधु-भगिनींनो, हा प्रसंग आम्ही नमुन्यादाखल रचला आहे. पण पेणच्या खारेपाटात, रोह्याच्या डोंगरपट्ट्यात किंवा नागोठणे-कोलाडच्या वाटेवरच्या एखाद्या वाडीत असं कधी घडलंच नाही, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? बाई परत गेली की आपण काय बोलतो तेही आठवून पाहा. "बघा, गेली ना शेवटी! एवढा मार खरा असता तर गेली असती का?"

गेली ती नवऱ्यासाठी नव्हे, गायीसाठी. हे आपल्याला दिसत नाही, कारण घरातल्या भांडणात आपण माणसं मोजतो, जनावरं मोजत नाही.

मार खाणाऱ्या बाईला घरात बोलायला कोण असतं, याचा जरा विचार करा. सासू मुलाची बाजू घेते. शेजारीण ऐकते, पण ती गोष्ट नळावर पोचवते. माहेर लांब, आणि माहेरची माणसं "जरा सांभाळून घे" म्हणतात. मग ती पाटी घेऊन गोठ्यात जाते. शेण काढते, पेंढा टाकते, गायीच्या मानेखाली हात घालून उभी राहते. गाय उलटून बोलत नाही, कुणाला जाऊन सांगत नाही. सकाळ-संध्याकाळ तिला आपलीच गरज आहे, एवढी खात्री त्या बाईला आधार देते. शेळीचं तर विचारूच नका. करडू घरातल्या पोरासारखं मागं मागं फिरतं. शिवाय अंडी, दूध, बोकड विकून येणारा पैसा हाच कित्येक घरांत बाईच्या हातात पडणारा एकमेव पैसा.

जनावराच्या सोबतीचा दुखावलेल्या माणसाला उपयोग होतो, हे आता शिकलेले डॉक्टरही सांगतात. इंग्लंडात यॉर्क इथं अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या मनोरुग्णांच्या एका आश्रमात रुग्णांच्या सोबतीला ससे आणि कोंबड्या ठेवलेल्या होत्या. न्यूयॉर्कच्या बोरिस लेव्हिन्सन या बालमानसतज्ज्ञाला दिसलं, की त्याच्याशी न बोलणारी मुलं त्याच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याजवळ मोकळी होतात. त्यानं त्यावर लेख लिहिला तेव्हा बरोबरीच्या डॉक्टरांना तो थट्टेचा विषय वाटला. आज अमेरिकेत कोर्टात साक्ष देणाऱ्या पीडित मुलांच्या पायाशी शिकवलेला कुत्रा बसवतात. आपल्याकडे मुंबई-पुण्यातही अशा शिकवलेल्या कुत्र्यांकडून मुलांना आणि रुग्णांना आधार देणाऱ्या संस्था आहेत. पण या शहरातल्या गोष्टी झाल्या. आपल्या मातीतली गोष्ट याहून मोठी आहे.

सिंधुताई सपकाळ हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. अनाथांची माय म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली, 2022 च्या जानेवारीत त्या गेल्या. पण त्यांच्या गोष्टीतला गोठा आपण विसरतो. 1948 साली वर्धा जिल्ह्यात गुराख्याच्या घरी त्यांचा जन्म. घरात नाव 'चिंधी'. गुरं राखायच्या निमित्तानं शाळेत जाऊन बसायचं, असं जेमतेम चौथीपर्यंत शिक्षण. लहानपणीच लग्न झालं, नवरा वयानं कितीतरी मोठा. सासरी गावातल्या बायका शेण गोळा करायच्या आणि त्या शेणाचे पैसे भलतेच लोक खायचे. सिंधुताई त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. प्रकरण कलेक्टरपर्यंत गेलं आणि निकाल बायकांच्या बाजूनं लागला. ज्याचं नुकसान झालं त्या दांडग्यानं नवऱ्याचे कान भरले, की हिच्या पोटातलं मूल तुझं नाही. नवव्या महिन्यात नवऱ्यानं लाथा घालून बाहेर काढलं.

14 ऑक्टोबर 1973. गायींच्या गोठ्यात त्या बाळंत झाल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा एक गाय त्यांच्यावर चारी पायांचा आडोसा करून उभी होती, दुसऱ्या जनावरांना जवळ येऊ देत नव्हती, असं त्या आयुष्यभर भाषणांतून सांगत. दगडानं नाळ तोडली, आणि त्या गायीच्या गळ्यात पडून शब्द दिला, की तू जशी माझ्यासाठी उभी राहिलीस, तशी मी ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी उभी राहीन. माहेरी गेल्या तर आईनंही दार उघडलं नाही. गायीनं केलं ते माणसानं केलं नाही. पुढं त्या स्टेशनांवर गाणी म्हणत भीक मागून जगल्या, अनाथ मुलं गोळा केली. मेळघाटात आदिवासींची गुरं कोंडून ठेवली गेली तेव्हा त्यांच्यासाठी भांडल्या. वर्ध्याला त्यांनी गोपिका गाईरक्षण केंद्र काढलं. मुलांच्या संस्थांबरोबर गायींची संस्था कशाला, असं ज्यांना वाटतं, त्यांनी 1973 ची ती रात्र आठवावी.

आता दुसरी बाजू सांगायला हवी. जे जनावर बाईचा आधार असतं, तेच मारणाऱ्याच्या हातातलं हत्यारही होतं. ती माहेरी गेली की शेळी विकायची. ती उलट बोलली की कोंबडीची मान पिरगळायची. कुत्र्याला तिच्यादेखत काठीनं झोडायचं, म्हणजे पुढची काठी कुणावर, ते न सांगता कळतं. अमेरिकेत युटा राज्यात आश्रयगृहात आलेल्या 38 बायकांना फ्रँक असिओनी या संशोधकानं विचारलं होतं. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत पाळीव प्राणी असलेल्यांपैकी 71 टक्के बायकांनी सांगितलं, की नवऱ्यानं किंवा जोडीदारानं प्राण्याला मारण्याची धमकी दिली, इजा केली किंवा जीवच घेतला. पुढं 2018 साली तिथं कायदा करून अशा बायकांच्या प्राण्यांसह राहण्याच्या सोयीसाठी सरकारी पैसा ठेवला गेला. आपल्याकडे अशी मोजणी कुणी गावोगाव केल्याचं वाचनात नाही. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार विवाहित स्त्रियांमागे सुमारे एकीनं नवऱ्याकडून अत्याचार सोसल्याचं सांगितलं आहे. त्यांतल्या किती जणींच्या दारात शेळी आहे, याचा अंदाज तुमचा तुम्हीच करा.

आपल्याकडची सोय काय? 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये पीडित बाईला पाच दिवसांपर्यंत आसरा, औषधोपचार, वकिली सल्ला मिळतो. 181 वर फोन करता येतो, तातडीची वेळ असेल तर 112 वर. तिथं माणसांची सोय आहे, गुरांची नाही; आणि गाय घेऊन एसटीत बसता येत नाही. तेव्हा हा तिढा गावातच सोडवायचा आहे. तो सोडवणं काही डोंगर उचलण्याचं काम नाही. चार दिवस एका शेजाऱ्यानं गाय बांधून घ्यायची, बचत गटानं पेंढ्याचा खर्च उचलायचा, धार काढायला गायीला रुळलेली एखादी बाई बघायची. बाईला "तुझं जनावर सुरक्षित आहे" हे आधी सांगा, मग तालुक्याला चल म्हणा. क्रम उलटा केलात तर ती उठून परत जाणारच.

कायदाही इतका अपुरा नाही, जितका आपण समजतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबर आर्थिक छळही धरला आहे. बाईचं स्त्रीधन किंवा तिचा हक्क असलेली जंगम मालमत्ता परस्पर विकणं त्यात येतं. माहेरहून आलेली गाय, तिच्या गटाच्या कर्जातून घेतलेल्या शेळ्या ही जंगम मालमत्ताच की! अशी मालमत्ता तिच्या ताब्यात परत देण्याचा हुकूम न्यायदंडाधिकारी कलम 19 खाली देऊ शकतात. दुसऱ्याचं जनावर मुद्दाम मारलं, विष घातलं किंवा लुळं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

गावच्या कारभाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हिंसाचाराची खबर संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतो, आणि चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्यावर त्याबद्दल दावा चालत नाही. "आपण कशाला घरच्या भानगडीत पडा" ही सबब कायद्यानं केव्हाच काढून घेतली आहे. ही खबर सगळ्यांत आधी कुणाला लागते माहीत आहे? जनावराच्या डॉक्टरला आणि उमेदच्या पशुसखीला. त्या थेट गोठ्यापर्यंत जातात. शेळीचा पाय काठीनं मोडलेला दिसला, तर त्या घरातल्या बाईच्या आणि पोरांच्या अंगाकडेही एकदा नजर टाकावी. बाईशी बोलायचं ते एकटीशी, नवऱ्यासमोर नव्हे.

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येऊ. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली होती. जमिनीचं निदान बोललं तरी गेलं. गोठ्याचं कुणी बोललंच नाही, कारण जनावराला सातबारा नसतो. पण आता कानात बारा आकडी बिल्ला असतो, आणि त्या बिल्ल्यापुढं मालकाचं नाव भारत पशुधन प्रणालीत चढतं. 2024 च्या जूनपासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीवर बंदीही आहे. मग जी शेळी बाईनं पोसली, जिचे हप्ते तिनं भरले, तिच्या बिल्ल्यापुढं नवऱ्याचंच नाव का? बिल्ला मारायला माणूस येतो तेव्हा घरचा कर्ता पुढं होऊन स्वतःचं आधार आणि मोबाइल नंबर देतो, एवढंच त्याचं कारण. बाईनं आपलं नाव द्यावं, विमा उतरवला तर तोही तिच्या नावे असावा, खरेदीची पावती गटाच्या वहीत चिकटवून ठेवावी. बिल्ल्याची नोंद म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. पण कोर्टात रिकाम्या हातानं उभं राहण्यापेक्षा एक कागद बरा. बंधूंनो, यात तुमचं काही जात नाही. ज्याच्या घरात सगळं नीट आहे त्यानं तर हे आधी करावं.

एक सावधगिरीही सांगतो, नाहीतर उद्या कुणी प्रत्येक रडणाऱ्या बाईच्या हातात करडू देईल. जनावर हे औषध नव्हे. जिला रात्री झोप येत नाही, जीव द्यावासा वाटतो, तिला मानसोपचाराच्या डॉक्टरकडेच न्यायला हवं. कुत्र्याची भीती असलेल्या बाईजवळ कुत्रा बसवणं हा नवा छळ झाला. आणि मुक्या जिवालाही सोसायची सीमा असते. मार खाल्लेलं जनावर बिथरतं, दूध चोरतं, अंगावर येतं. त्याच्यावरही उपचार करायला हवेत. त्यासाठी 1962 हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री नंबर आहे.

शेवटी पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासाठी कामाचं. पीडित बाईची हकीकत लिहून घ्याल तेव्हा दागिने, भांडी, कपडे यांच्या यादीखाली जनावरंही लिहा. नुसतं 'एक गाय' असं नको. तांबडी, उजवं शिंग मोडलेलं, दुसऱ्या वेताची, सध्या दुभती, माहेरहून आणलेली, कानातला बिल्ला नंबर अमुक, आज कुणाच्या गोठ्यात बांधली आहे त्याचं नाव, आणि खाली बाईचा अंगठा किंवा सही.